रिकाम्या हातांची तक्रार

माझ्या आत्याने, बासिलिसाने, परक्या राजाने धाडलेल्या सात गव्हर्नरांना एकामागून एक, त्यांच्याच वाड्यावर स्वयंपाकाला राहून, मक्याच्या भाकऱ्या करून घातल्या. सातही जणांनी त्या चवीने खाल्ल्या, आणि सातही जणांना वाटलं की ग्वाम बेट आपण जहाजातून उतरलो त्या दिवशी जन्माला आलं. आत्याचा वैताग इथूनच सुरू व्हायचा. "दर तीन-चार वर्षांनी एक नवं बाळ येतं," ती म्हणायची. "दाढीवालं, तलवारवालं बाळ! आणि त्याला पहिल्यापासून शिकवायचं, बाबा रे, इथे वादळं येतात, छप्पर बांधून ठेव."

बरं, बाळ नुसतं खाऊन झोपलं असतं तरी चाललं असतं. एक आला त्याने साऱ्या हगात्न्या गावाला कापूस लावायला लावला. दुसऱ्याने तो उपटून कोको लावायला लावला. तिसऱ्याला दोन्ही आवडेनात, त्याने शिकारीसाठी हरणं सोडली आणि हरणांनी कोको खाऊन टाकला. राबायला आम्हीच. आत्या चुलीशी बसून हे सगळं बघायची आणि भाकरी अशी थापायची की बाहेरच्या पहारेकऱ्याला कळायचं, आज साहेबाने नवीन काहीतरी काढलंय.

गावाने त्यांना नावं ठेवली होती. खरी नावं लांबलचक असत, ती लक्षात ठेवण्यात अर्थ नव्हता, पाठ होईपर्यंत माणूस बदलायचा. आमच्या घरावर ज्याची वक्रदृष्टी झाली तो पाचवा, त्याला आम्ही टाचदार म्हणायचो. तो बुटका होता आणि त्याच्या बुटांना चार बोटं उंच टाचा होत्या. त्याच्यासमोर कोणी ताठ उभा राहिलेला त्याला खपत नसे. सारं गाव त्याच्या वाटेवर गुडघ्यात वाकून चालायचं आणि तो पुढे गेला की पाठ चोळायचं.

माझे वडील, आनाक्लेतो, माडी काढायचे. सकाळ-संध्याकाळ माडावर. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: वडील, मी आणि त्यांची थोरली बहीण, ही आत्या. एका संध्याकाळी टाचदार नेमका वडिलांच्या माडाखालून चालला होता. वडील भले माणूस. वरूनच टोपी काढली आणि ओरडून म्हणाले, "शुभ संध्याकाळ, सरकार!"

झालं! राजाच्या प्रतिनिधीच्या डोक्यावर उभं राहून त्याला हाक मारली, हा गुन्हा. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: आनाक्लेतोला रोटा बेटावर हद्दपार करण्यात येत आहे, पुढील हुकूम होईपर्यंत. रोटा काही जगाच्या टोकाला नाही, पण तिकडे वर्षातून एकदा, फार तर दोनदा होडी जायची. आणि पुढचा हुकूम गव्हर्नरच काढू शकत होता.

"अरे, माडावर चढल्याशिवाय माडी निघते का?" आत्याने कारकून सेराफिनला विचारलं. सेराफिन गव्हर्नरच्या कचेरीत लिहायचा. आमच्यातलाच, पण बोरू हातात घेतला की ओळख विसरायचा.

"तान बासिलिसा, हुकमात माडीचा उल्लेख नाही," तो म्हणाला. थोरल्या बाईला आमच्यात मानाने तान म्हणतात, थोरल्या पुरुषाला तुन.

"मग तुझ्या हुकमात भाकरीचा तरी आहे का? उद्यापासून माझ्या चुलीकडे फिरकू नकोस."

तरी आत्या टाचदाराला भाकरी करून घालतच राहिली. नाही घातली तर तिचीही होडी ठरलेली होती. ती दिवस काढत होती, कारण तिला कायदा माहीत होता. जुना गव्हर्नर जायच्या आधी नवा गव्हर्नर त्याची चौकशी करतो. आठ दिवस चर्चसमोर ढोल वाजतो, ज्याला जुन्याविरुद्ध जे सांगायचं ते त्याने कचेरीत येऊन सांगावं. तक्रार खरी ठरली तर जुन्याचे हुकूम रद्द. "येऊ दे ते जहाज," आत्या म्हणायची. "एकेक माणूस उभा करते की नाही बघ."

दीड वर्षाने जहाज आलं. ढोल वाजला. आत्या घरोघर गेली. तक्रार नसलेलं घरच नव्हतं. कोणाची जमीन घेतलेली, कोणाचा मुलगा रस्त्याच्या कामावर पाय मोडून बसलेला. शेजारच्या तुन कान्दिदोची तर सहा डुकरं टाचदाराच्या ताटात गेली होती. सगळ्यांनी येण्याचं कबूल केलं आणि खरोखर सगळे आले. माझी काही तक्रार नाही त्यांच्याबद्दल.

पण आले कसे? प्रत्येकाच्या हातात गाठोडं! कोणी वाळवलेले मासे आणले, कोणी फणसाच्या वाळवलेल्या फोडी, कोणी चटई, कोणी टोपलीभर अंडी. कान्दिदोने तर उरलेलं सातवं डुकरू भाजून आणलं होतं. कारण टाचदार समुद्रावर निघाला होता. आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला कोणी रिकाम्या हाताने निरोप देत नाही. मग तो सोयरा असो की वैरी. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे की एकाच्याही मनात आलं नाही, अरे, आज आपण कशाला चाललोय! टाचदार व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. लोक आधी त्याच्यापुढे गाठोडं ठेवायचे, वाट सुखाची जावो म्हणायचे, आणि मग आत जाऊन तक्रार सांगायचे.

आत नवा गव्हर्नर बसला होता. त्याला पुढे आम्ही गजवाला म्हणू लागलो, कारण त्याच्या हातात कायम मोजायचा गज असायचा. तो दारातून सगळं बघत होता. आत्याची पाळी आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली होती.

"यात काय आहे?" गजवाल्याने विचारलं.

"भाकऱ्या, सरकार. जाड थापल्यात, महिनाभर टिकतील."

"कोणासाठी?"

"त्यांच्यासाठी." आत्याने व्हरांड्याकडे बोट दाखवलं.

"आणि तक्रार कोणाविरुद्ध?"

"त्यांच्याचविरुद्ध. माझ्या भावाला काही कारण नसताना हद्दपार केलंय."

गजवाला हसला. "बाई, ज्याने तुझा भाऊ नेला त्याला तू महिनाभराची शिदोरी देतेस?"

"तक्रार तक्रारीच्या जागी, सरकार, आणि वाट वाटेच्या जागी," आत्या म्हणाली. "समुद्रावर भूक लागतेच ना?"

ते त्याला कळलं नाही. त्याने सेराफिनला सांगितलं आणि सेराफिनने, मेल्याने, सुंदर अक्षरात लिहिलं: जनतेने साश्रू नयनांनी अगणित भेटी आणल्या, तक्रारींत तथ्य दिसत नाही. टाचदार कान्दिदोचं डुकरू घेऊन मानाने गेला. वडील रोट्यालाच राहिले.

त्या दिवशी आत्या घरी आली आणि कपाळ बडवून घेतलं. "तुम्ही सगळे गाढव," तिने गावाला सुनावलं, "आणि त्यात मी सगळ्यात मोठी गाढव! माझ्या भावाची सुटका मी माझ्याच डोक्यावरच्या टोपलीने घालवली." मी समजूत काढायला गेले तर मलाही बोलणी बसली.

मग चार वर्षं गजवाला. माणूस टाचदारासारखा दुष्ट नव्हता, हे आत्ता म्हणते, तेव्हा म्हटलं नसतं. तो नुसता मोजायचा. रस्ते मोजले, अंगणं मोजली, रस्त्याच्या रेषेत येतंय म्हणून आमच्या घराचा जिना कापला. वडिलांचा विषय काढला की म्हणायचा, "ते प्रकरण मिटलं आहे." माझं लग्न झालं, वडिलांच्या जागी कान्दिदो उभा राहिला. रोट्याहून होडी आली की होडीवाला सांगायचा, क्लेतो बरा आहे. पुढच्या वर्षी म्हणाला, खोकतो, पण बरा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी तो आमची नजर चुकवून पाणी प्यायला गेला. तेव्हा आत्या न ओरडता चुलीपाशी जाऊन बसली.

मग सातव्या गव्हर्नरचं जहाज दिसलं आणि आत्या उठली. पुन्हा घरोघर. या वेळी मीही सोबत होते.

"तक्रार सांगायला या," ती प्रत्येक दारात म्हणाली, "पण हात रिकामे. एक अंडं दिसलं तरी मी फोडेन."

लोकांना ते ऐकवेना. कान्दिदो तर उठून उभाच राहिला. "समुद्रावर जाणाऱ्याला काहीच द्यायचं नाही? तान बासिलिसा, माझी आई थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. तिलाही सांगते."

"पण जाणारा माणूस काय म्हणेल?"

"तो काय म्हणायचं ते म्हणेल. हे लोक तोंड ऐकत नाहीत, कान्दिदो, हात बघतात. पाच वर्षांवर झाली. क्लेतो खोकतोय. अजून एक गव्हर्नर तो काढणार नाही." तिने त्याच्या दाराची चौकट धरली. "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय?"

कान्दिदो खाली बसला. "बरं," म्हणाला.

आणि सगळे आले, रिकाम्या हातांनी. तसं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. हातांचं काय करायचं हेच कोणाला कळत नव्हतं. कोणी मागे बांधले, कोणी काखेत घातले. व्हरांड्यात गजवाला बसला होता. टाचदाराच्या वेळचं त्याच्या लक्षात असणार, त्याने शेजारी एक लांब टेबल मांडून घेतलं होतं. लोक त्याच्याकडे न बघता भिंतीच्या कडेने आत जात होते. आठ दिवस टेबल रिकामं राहिलं.

नव्या गव्हर्नरने ते पाहिलं, तक्रारी ऐकल्या, आणि सेराफिनने त्याच सुंदर अक्षरात लिहिलं: जनता अत्यंत नाराज आहे. गजवाल्याने मिटवलेलं प्रकरण पुन्हा उघडलं आणि वडिलांचा हद्दपारीचा हुकूम रद्द झाला.

जहाज सुटायच्या दिवशी दुपारी गजवाला स्वतः स्वयंपाकघरात आला. असा तो कधी आला नव्हता. दारात उभा राहून त्याने विचारलं, "तान बासिलिसा, वाटेसाठी थोड्या भाकऱ्या मिळतील का?" चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली होती.

सुटकेचा हुकूम निघाला होता, पण वडील अजून रोट्यावर होते; एक भाकरी दिसली असती तरी तो फिरला असता. "आज पीठ संपलं, सरकार," आत्या म्हणाली. पिठाची परात तिच्या मागेच होती, कापडाने झाकलेली. त्याने ती पाहिली. मान हलवली आणि गेला. आत्याने त्या दिवशी पुन्हा चूल पेटवली नाही, नव्या गव्हर्नरला थंड कंद खावे लागले.

तीन आठवड्यांनी होडी आली. वडील उतरले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, खांदे तेवढे त्यांचे होते. त्यांच्यामागून होडीवाला गाठोडी उतरवत होता, उतरवतच होता. मासे, कंद, दोन चटया, एक जिवंत कोंबडी. रोट्याच्या लोकांनी निरोपाचं दिलेलं. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत्याला पहिलं विचारलं ते हे: "तो गजवाला गेला म्हणे. काय दिलं त्याला?"

आत्या गाठोडं उचलायला वाकली.

"बासिलिसा?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही! गावाने काही दिलं नाही. मी दिलं नाही. भाकरी मागायला आला, पीठ संपलं म्हटलं."

वडील गाठोड्यांकडे बघत राहिले. "रोट्याच्या लोकांच्या घरात मुळात काही नसतं," ते म्हणाले. "मी त्यांच्या गळ्यात मारलेला कैदी. मला त्यांनी असं नाही पाठवलं. आणि तू, आपल्या आईची लेक, माणसाला उपाशी समुद्रावर—"

"गप्प बस!" आत्या इतक्या जोरात ओरडली की कोंबडी फडफडली. "मला सांगतोस? मला? त्या दिवसापासून घास उतरत नाही माझ्या घशाखाली. रोज तो दारात उभा दिसतो. पण मला तू हवा होतास, क्लेतो. भाकरी दिली असती तर तू तिकडेच मेला असतास. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन पीठ संपलं. आता तूच बोल मला, बोल!"

आमच्यात धाकट्याने थोरल्याचा हात घेऊन नाकाला लावायचा असतो, भेटल्याबरोबर. रागाच्या भरात ते राहून गेलं होतं. त्यांनी वाकून आत्याचा हात घेतला, नाकाला लावला आणि तसेच वाकून राहिले. त्यांचे खांदे हलत होते, खोकल्याने की कशाने ते मला दिसलं नाही.

"पुरे आता," आत्या म्हणाली. "नाक पूस आधी." हात मात्र तिने काढून घेतला नाही.