यमुताईच्या अंगात कोण आलं?

इतवारीपलीकडच्या त्या वस्तीत एके काळी यमुताईचा मोठा दरारा होता. पौर्णिमेला डफ वाजला की तिच्या अंगात देवी यायची, केस मोकळे सुटायचे आणि भलेभले मिशीवाले तिच्या पाया पडून हरवलेल्या शेळीचा पत्ता विचारायचे. शेळी सापडली की नाही, हे मात्र मागाहून कोणी विचारत नसे. छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली आणि यमुताईनं आपल्याच हातानं देवीचा टाक नाग नदीत सोडला. तेव्हापासून ती विड्या वळणारी साधी बाई झाली. त्याचं काही वाटलं नाही, असं ती सांगे. थोडं वाटलं असावंच.

पुढं वस्तीनं विहार बांधायला घेतला. गिरणीची पाळी सुटली की पुरुष भिंत चढवत, बायका विटा वाहत, आणि त्यात यमुताईचं घमेलं सगळ्यांच्या पुढं. छप्पर चढायच्या आधीच तिथं पोरांचा अभ्यास सुरू झाला, नवराबायकोची भांडणं मिटू लागली, लग्नंही लागली. यमुताईला तर ते दुसरं घरच झालं.

सदुसष्ट सालच्या बुद्धपौर्णिमेला मूर्ती येणार म्हणून सगळी वस्ती हरखली. यमुताईची मात्र झोप उडाली. मिरवणुकीत डफ वाजणार, आणि अंग जुनी सवय विसरलं नसेल तर? बुद्धासमोर देवी अंगात आली तर वस्तीची बदनामी होईल आणि विहाराची पायरी आपल्याला कायमची बंद होईल, या धास्तीनं ती डोकं दुखतं म्हणून घरात बसली. बायका कसल्या ऐकतात! पांढरं लुगडं नेसवून त्यांनी तिला सकाळीच ओढत मिरवणुकीत आणलं.

डफ कडाडला. यमुताईनं ओठ घट्ट मिटले, पण पाय काही ऐकेनात. अंबाडा सुटला, मान डोलू लागली, आणि गर्दी एकदम मागं सरली. डफही थांबला. विहार समितीचे अध्यक्ष धोंडबा लगबगीनं पुढं आले. रागावायचं ठरवून आले होते बिचारे, पण हात आपोआप जोडले गेले आणि तोंडून जुनाच प्रश्न निघाला.

"कोण आलं वं?"

यमुताईनं डोळे उघडले. स्वतःच्या आत नीट चाचपून पाहिलं. तिथं नुसता आनंद होता, आणि तो तिचा होता.

"कोणी नाही आलं गा, धोंडबा," ती म्हणाली. "मीच नाचून राहिली. डफ काहून थांबवला?"

डफ पुन्हा सुरू झाला. बायका तिचे हात धरून नाचायला धावल्या, आणि मूर्ती विहारात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.