मडगावचं टेबल

पाय घसरला तो माझ्याच तेलावर.

धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी केसांचं तेल, शिकेकाई, उटणं बनवते. प्रत्येकाला वेगळं. कुणाला माका जास्त लागतो, कुणाला वाळा सोसत नाही, कुणाला वासच नको असतो. गिऱ्हाईक समोर बसतं, मी विचारपूस करते, मग पातेलं चढवते. धारवाडात आणि हुबळीत हे बरं चाललं होतं, तरी माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. नवं गाव हवं होतं. मडगावात एका बाईंचं सुती कपड्यांचं दुकान आहे, त्यांनी दुकानात एक टेबल द्यायचं कबूल केलं. दोनेक आठवडे तिथं बसून पाहायचं ठरलं. रेल्वेचं तिकीट काढलं, खोकी बांधली, आणि शेवटच्या बाटल्या भरताना सांडलेलं तेल पुसायच्या आधीच मी गर्रकन वळले. घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून मी रडत होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी जाते."

त्या निवृत्त शिक्षिका. कन्नड शाळेत गणित शिकवण्यात उभा जन्म गेला. सासरे गेल्यापासून देवपूजा, पेपर आणि संध्याकाळचा फेरफटका, एवढंच. माझा नवरा हसला. "आई, तू? तेल विकणार?"

"विकायचं नाही, विचारायचंय. ही काय काय विचारते ते रोज ऐकतेच की मी माजघरातून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी मावसबहीण आहे मडगावात. राहायचा प्रश्न नाही. माझं तिकीट तेवढं काढून द्या."

त्या गेल्या. पहिल्या संध्याकाळी फोन आला, दुसऱ्या संध्याकाळी आला. वर्गात उदाहरण घालावं तशा त्या एकेका बाईची हकिगत सांगायच्या. "ही नर्स आहे. दिवसभर केस टोपीखाली. कोंडा. वास नको." "ही रोज स्कूटरवरून जाते, हेल्मेटमध्ये घाम येतो, टाळू चिकट." "ही समुद्रात पोहते बघ, या वयात!" मी खुर्चीतून सांगायची आणि मदतीला येणाऱ्या अक्का पातेल्यात घालायच्या. माल पार्सलनं जायचा.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण प्लास्टरच्या आत पायाला खाज सुटायची आणि तशीच मनालाही. त्यांच्या आवाजात काहीतरी नवीन होतं. घरात मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मध्येच मागून हसणं ऐकू यायचं, कुणीतरी कोंकणीत काही बोलायचं आणि त्या "थांब गं, सुनेशी बोलतेय" म्हणायच्या. फोन ठेवला की मी कुबड्या घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायची. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी.

एक दिवस त्या म्हणाल्या, "तुझं तिळाचं तेल इथं जड होतं म्हणतायत."

"धारवाडात कुणाला जड झालं नाही."

"धारवाडात एवढा घाम कुठं येतो? मी इथल्या घाण्याचं खोबरेल मिसळून दिलं दोघींना. चाललं की."

"मला न विचारता?"

पलीकडून नेहमीचं कन्नड, "इर्ली बिडु." म्हणजे, असू दे, सोड. त्यांनी विषय सोडला. मला मात्र सोडता येईना. लेबलवर माझी सही असते. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, अशी बाटली कुणाच्या तरी डोक्याला लागत होती.

दोन आठवड्यांचा दीड महिना झाला तरी त्या परतायचं नाव काढेनात. प्लास्टर निघालं आणि मी लंगडतच गाडी पकडली. अळणावर स्टेशन गेलं, लोंढा गेलं, बाहेर घाटाची हिरवळ सुरू झाली. मी मनातल्या मनात भांडण रचत होते.

दुकानात शिरले आणि क्षणभर मला त्या दिसल्याच नाहीत. टेबलामागे मानेपर्यंत केस कापलेली एक बाई बसली होती. समोरच्या मुलीची बट बोटांत धरून ती विचारत होती, "अंघोळीला पाणी विहिरीचं की नळाचं?" आवाज ओळखीचा होता. कमरेपर्यंतचे केस आमच्या सासूबाईंनी कापून टाकले होते.

"आई, हे काय केलंत?"

त्यांनी मानेवरून हात फिरवला, जरा लाजल्या. "उकडतं गं इथं. वाळतच नाहीत लवकर."

भांडण झालं, पण मी रचलं होतं तसं नाही. दुपारी त्यांच्या मावसबहिणीच्या व्हरांड्यात बसलो. मी मापाचं बोलले, लेबलवरच्या सहीचं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तेलाचं तुझं बरोबर आहे. तुला विचारायला हवं होतं. यापुढं विचारीन. पण मी लगेच येत नाही."

"का?"

"घरी मला काय काम आहे सांग. तू तुझ्या खोलीत, तो त्याच्या कचेरीत. इथं मी जरा उशिरा गेले तर बायका ताटकळत बसतात."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. दमट हवेत माझ्या उटण्याचे खडे झाले होते, ते मी तिथंच पाहिलं. खोबरेलाचं माप दोघींनी मिळून ठरवलं. मग मी एकटीच परतले.

आता त्या महिन्यातले निम्मे दिवस मडगावात असतात. तिथली मागणी धारवाडच्या पुढं गेली आहे. अक्कांच्या मदतीला आणखी एक बाई आल्या आहेत आणि हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातला काष्ठौषधीवाला मला पाहिलं की आधी पोती उघडतो. धंदा वाढतोय, सगळे म्हणतात. नवराही म्हणतो, "आता तरी निवांत बस." मला बसवत नाही.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका दुकानातून विचारणा आली. सासूबाईंनी फोनवर लगेच विचारलं, "मी जाऊ?"

"नाही," मी म्हटलं. जरा जोरातच. "या वेळी मी."

कोल्हापुरात पहिली बाई समोर येऊन बसली, केसांचा चाप काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या घरी, माझ्या खोलीत मी कितीदा हे केलं होतं. इथं मात्र मी टेबलावरच्या बाटल्या उगाच सरळ करत राहिले. तिचा दिवस कसा जातो, ती कुठलं पाणी वापरते, तिला काय सोसत नाही, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटी मी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि म्हटलं, "सकाळी उठल्यापासून सांगा."

ती हसली आणि सांगू लागली.