टाकीवर नसलेले नाव

त्यांचे नाव द्वारका. पहिल्याच वाक्यात ते लिहितो, कारण त्यांच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडी ते नव्हते. "हवालदारांची मंडळी गेली," एवढेच तो दारातून म्हणाला... आणि वडूजजवळच्या आमच्या शाळेत इतकी वर्षे माझ्या शेजारच्या वर्गाला शिकवणाऱ्या द्वारकाबाई, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, गेल्या, हे उमजायला मला क्षणभर वेळ लागला. माहेर शिराळ्याचे म्हणून सासरी त्यांना शिराळकरीण म्हणत. शाळेत आम्ही सारे नुसते 'बाई'. मीही. त्यामुळे हा लेख रागाने लिहीत असलो, तरी त्या रागातून स्वतःला वगळण्याचा मला अधिकार नाही.

विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक शिकवताना आम्ही 'नदी' आणि 'कृष्णा' एवढे सांगून मोकळे होत असू. द्वारकाबाई मुलांना विचारीत, "तुझ्या आईचं नाव काय?" मुले म्हणत, "आई." "आई सगळ्यांचीच असते. तुझ्या आईला तिची आई काय म्हणून हाक मारायची?" मुले एकमेकांकडे बघत. मग घरी विचारून यायचे, हाच गृहपाठ. दुष्काळाच्या साली एका मेंढपाळाच्या मुलाची आई स्वतःच शाळेत आली. खडी फोडायच्या कामावरून तशीच, हातापायांवर धूळ घेऊन. "पोरगं नाव इचारतंय, बाई. लय दिसांत कुणी घेतलंच न्हाई. ठकूबाई हाय मी." द्वारकाबाईंनी ते फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले. तिला वाचता येत नव्हते. ती नुसती बघत राहिली... "येवढं लांबडं हाय व्हय माजं नाव?" म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

त्याच द्वारकाबाईंच्या स्मरणार्थ घरच्यांनी अलीकडेच शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. तिच्यावर संगमरवरी पाटी आहे. हवालदारांचे नाव, हुद्दा, पलटण, सारे कोरलेले. आणि शेवटी, 'यांच्या धर्मपत्नीच्या स्मरणार्थ'. नाव राहून गेले का, असे मी त्यांच्या थोरल्या दिरांना हळूच विचारले. "आवं गुरुजी, धर्मपत्नी म्हटलं की आलंच की त्यात. एकच तर व्हती." जमलेल्यांत हशा पिकला. हवालदार तेवढे खाली बघत राहिले... दुसऱ्यांच्या आयांची नावे ज्यांनी घराघरांतून फळ्यावर आणली, त्यांच्या दगडावर पलटणीला जागा मिळते आणि त्यांना मिळत नाही, हे कुणालाच खटकू नये? आवाज चढवणे माझ्या स्वभावात नाही. पण त्या हशाला मी क्षमा केलेली नाही.

त्यानंतर एकदा ठकूबाई पाणी प्यायला टाकीपाशी थांबली. "काय लिवलंय, गुरुजी?" मी वाचून दाखवले. तिने ओंजळ तशीच खाली सोडली. "मग ह्यात बाई कुठं हाईत?"

मी वर्गातून खडू आणला आणि पाटीखाली लिहिले, 'द्वारका'. मुलांच्या हातांतून उडणाऱ्या पाण्याने ते दुपारपर्यंत पुसले जाते. थोरले दीर जाता-येता विचारतात, "गुरुजी, किती दिस चालायचं हे?" मी रोज सकाळी फळ्यावर वार-तारीख घालण्याआधी, खडू घेऊन टाकीपाशी जातो.