आधी आपलं रान

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या संघटनेच्या पत्रकांत चूक नेहमी मालकाची, मुकादमाची किंवा सरकारची असायची. मीही तसंच लिहायला शिकले होते. म्हणून हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

दुष्काळात मी कडेगावकडच्या खडी फोडायच्या कामावर होते. तिथला मुकादम बायकांना उन्हात ताटकळत ठेवायचा. आम्ही रस्त्यात बसलो, घोषणा दिल्या, आणि चौथ्या दिवशी तो मुकादम बदलला. त्या एका विजयावर मी दोन वर्षं तरंगत होते. दुष्काळ संपला, खडीची कामं बंद झाली, आणि संघटनेनं मला पाटणच्या वरच्या डोंगरात पाठवलं. तिकडे बायकांनी आपण होऊन एक मंडळ काढलं आहे, जाऊन त्यांना दिशा दे, असं मला सांगण्यात आलं. दिशा म्हणजे पत्रकांचा एक गठ्ठा. तो पाठीवर घेऊन मी ज्येष्ठात वर चढले.

मंडळात अकरा बायका होत्या. उन्हाळाभर त्यांनी डोंगराच्या एका पडीक उतारावर दगड वाहून ताली घातल्या होत्या, म्हणजे दगडांचे आडवे बांध, माती अडवायला. पूर्वी तिथं नुसतं गवत वाढायचं. आता प्रत्येक तालीमागं त्यांनी वीतभर माती भरली होती आणि तिथं नाचणी लावायची होती, फोकून नव्हे, रोपं तयार करून, ओळीनं. अकरांतल्या दोघी बौद्ध वस्तीतल्या होत्या. गावच्या शेतात त्यांना इतर बायकांच्या रांगेत कधी उभं केलेलं नव्हतं. त्या उतारावर त्या पहिल्यांदा रांगेत आल्या होत्या.

ही सगळी कल्पना एका बाईची. तिचा नवरा पलटणीत, वर्षातून एकदा यायचा. गाव तिला वैनी म्हणायचं, मीही म्हणू लागले. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. मूलबाळ नव्हतं, म्हणून घरच्यांच्या हिशेबी तिला कुठंही पाठवता येत होतं. नणंद विट्याला दिलेली, नणंदेचा नवरा गलाईच्या धंद्यात. दूर दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. तिथं भट्टीवरच्या आठ-दहा माणसांना रांधून घालायला घरचं बाईमाणूस हवं होतं. सासऱ्यानं वैनीला धाडायचं जवळजवळ ठरवलं होतं. वैनीनं त्याच्याकडून एक पावसाळा मागून घेतला. उतार सासऱ्याच्याच नावावर होता. तो म्हणाला, यंदा तिथं पीक उभं राहिलं तर तू हितं, न्हाई तर तू तिकडं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, भाकरी थापता थापता.

मी तिच्याच घरी उतरले होते. सासरा जुना शिपाई, बोलायला मोजका. मी त्याला मनातल्या मनात शत्रूच्या रकान्यात टाकून दिला.

आता पैऱ्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच घसरलं. पैरा म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. लावणीला एकेका घराची माणसं पुरत नाहीत, म्हणून गावातल्या बायका एकत्र एकेक शेत उरकत जातात. कुणाचं शेत कधी, हा क्रम एक बाई ठरवायची. तिला सगळे आक्का म्हणायचे. पन्नाशीची, जाड आवाजाची, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली. आषाढात तिनं क्रम लावला. पहिलं मोठ्या घराचं, म्हणजे गावात सगळ्यात जास्त जमीन असलेल्यांचं भात, मग त्याच्या खालच्या दोघांचं, मग वैनीच्या सासऱ्याचं, असं करत सगळ्यात शेवटी मंडळाचा उतार, तोही नागपंचमी झाल्यावर.

माझं डोकं फिरलं. मोठ्या घराची जमीन पहिली आणि अकरा बायकांचा घाम शेवटी. हे तर पत्रकात होतं तसंच, अगदी शब्दाला शब्द. मी शाळेच्या पडवीत बायकांना बोलावलं आणि कडेगावला बोलले होते तसं बोलले. मोठ्या घरासाठी तुम्ही वेठबिगारी करता, आणि तिला पैरा म्हणून गोड नाव देता, असं म्हणाले. शाळेच्या भिंतीवर गेरूनं हातभर अक्षरांत लिहिलं: आधी आपलं रान. मला अजून ती अक्षरं लिहिताना आलेला जोर आठवतो. दंड दुखेपर्यंत घासून लिहिलं होतं.

आक्का पडवीच्या टोकाला पान लावत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "बाई, तुमी कवा लावणी केलीया?"

मी म्हणाले, प्रश्न लावणीचा नाही, न्यायाचा आहे. बायका हसल्या. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसल्या.

वैनी दोन दिवस गप्प होती. तिला क्रम का तसा लावतात हे ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. पण तिला घाई होती. पंचमीनंतर लावलेलं पीक दसऱ्यापर्यंत नजरेत भरेल की नाही, याची धास्ती होती. तेवढ्यात शिकलेली एक मुलगी शहरातून आली आणि म्हणाली, लावा आत्ताच. तिनं मान डोलावली. मी तिच्या भीतीवर माझी घोषणा बसवली, दुसरं काय.

बौद्ध वस्तीतल्या दोघींना पैऱ्यात घेतच नसत; मंडळाच्या बाकीच्या नऊ जणी मोठ्या घराच्या शेतावर गेल्या नाहीत. चार दिवसांत आम्ही उतार लावून टाकला. मी रोपांच्या जुड्या वाहिल्या आणि गाणं म्हणायचा प्रयत्न केला. पाचव्या दिवशी पाऊस जो लागला तो थांबेचना.

ओढ्यावरचा साकव पहिल्याच आठवड्यात गेला. दोन लाकडं आणि त्यावर माती, तो राहणार कसा? एस.टी. खालच्या फाट्यापर्यंतच यायची, आणि फाटा आता ओढ्यापलीकडं. मी सासऱ्याला विचारलं, ओढा कधी उतरेल. तो म्हणाला, उतरंल तवा उतरंल.

त्या घरात मी जवळजवळ दोन महिने अडकले. दार उघडलं की पांढरं धुकं, दार लावलं की धूर. लाकडं ओली, कपडे ओले, अंथरुणाला म्हशीचा वास. इरलं पाठीवर घेऊन गोठ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच माझं चालणं. माझ्या हाताला काम नव्हतं आणि त्यांच्या भाकरीत माझी एक रोज जास्त होत होती. सासू ती न बोलता पुढ्यात ठेवायची. मला वाटायचं, एकदा तरी चार शब्द सुनवावेत. कुणी सुनवत नव्हतं.

सासरा मात्र दिवेलागणीला माझं एक पत्रक मागून घ्यायचा. पलटणीत वाचायला शिकला होता. बोट ठेवून एकेक अक्षर लावायचा.

"शोषण. म्हंजे वो काय?"

मी सांगितलं.

"असं व्हय." पुढची ओळ. "जागृती. ही कुठं मिळती?"

सासू तोंडाला पदर लावून हसायची. मी उत्तर देत राहायचे, कारण जायला जागा नव्हती.

आठ दिवसांनी जराशी उघडीप मिळाली आणि आम्ही वर गेलो, तेव्हा मधल्या दोन ताली फुटलेल्या होत्या. नवी माती, अजून बसलेली नाही, रोपांनी मूळ धरलेलं नाही, त्यावर आषाढातला लोंढा. निम्म्याहून जास्त रोपं खाली वाहून झुडपांत अडकली होती. वैनी त्या चिखलात बसली आणि एकेक रोप उचलून बघू लागली. मुळं सडली होती. तेव्हा ती मला म्हणाली, शांतपणे, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, की खालच्या खाचरांत आधी पाणी भरतं म्हणून ती आधी लावतात. वरचा उतार पावसाचा जोर ओसरला की लावतात. मोठं घर पहिलं, कारण त्यांची जमीन सगळ्यात खाली आहे.

मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस. ती म्हणाली, "मला बी तुमचं खरं वाटावं असं वाटत हुतं."

मोठ्या घराकडं सगळ्यात चांगली, सगळ्यात खालची जमीन कशी आली, हा प्रश्न मी आजही विचारते, आणि विचारणार. पण तो त्या आषाढात लावणीच्या क्रमात घुसवायचा नव्हता. तेवढं कळायची अक्कल मला नव्हती.

पुढचं त्याहून वाईट. नऊ जणींनी पैरा मोडला, म्हणून त्या नऊ घरांच्या शेतावर इतर बायका आल्या नाहीत. बाकीच्या आठ घरांनी कशीबशी आपापसांत लावणी उरकली, पण वैनीचं घर मोडणाऱ्यांत पहिलं. त्यांच्या खाचरांकडं कुणी फिरकलं नाही. भाताचं रोप वाफ्यात उभं राहून जून होत चाललं, पातं पिवळं पडू लागलं. मग सासरा, सासू, वैनी आणि मी, चौघं वाकलो. मला दोन दिवसांत कंबर सरळ करता येईना. चौघांनी चारांतलं दीड खाचर लावलं. बाकीचं रोप म्हशीपुढं टाकलं.

त्या दिवशी सासरा पत्रक न मागता बसला होता. मीच त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, चूक माझी, शिक्षा वैनीला नको.

तो म्हणाला, "शिक्षा कशाची? दीड खाचरात तीन तोंडं भागत न्हाईत. तिकडं तिला दोन टायमाला गरम मिळंल."

मी म्हणाले की तुम्ही एका माणसाला सामानासारखं पाठवताय. तो म्हणाला, "मला बी अठराव्या वर्षी असंच धाडलं हुतं. वाटंत कुणी पत्रक दिलं न्हाई." आणि उठून गोठ्यात गेला.

वैनी नागपंचमीच्या आधी आक्काकडं गेली. मला येऊ नका म्हणाली. आक्कानं काय ऐकवलं ते तिनं सांगितलं नाही. पण पंचमी होऊन दोन दिवसांनी आक्का सात-आठ बायकांना घेऊन उतारावर आली, मोठ्या घराची थोरली सूनसुद्धा. ज्याच्या त्याच्या वाफ्यात उरलेलं नाचणीचं रोप पाट्यांत होतं. मला बघून आक्का म्हणाली, "आलात व्हय? आता बोलू नगा, वाका." त्या बौद्ध वस्तीतल्या दोघीही रांगेत होत्या, मोठ्या घराच्या सुनेच्या शेजारी. ते मात्र कुणी मोडलं नाही. फुटलेल्या ताली सोडून जेवढं रान राहिलं होतं तेवढं लावलं. अर्धा उतार.

पीक उभं राहिलं. अर्धं. श्रावण सरताना सासरा वर येऊन बघून गेला. पिकासारखाच त्यानं शब्दही अर्धा पाळला, हे मला कबूल करावं लागतं. उतार मंडळाकडंच राहील म्हणाला. पण सून जाईल. उतार राखणं वेगळं आणि घरात खायला काय, ही गोष्ट वेगळी. त्याच्याशी भांडायला माझ्या गठ्ठ्यात एकही ओळ नव्हती.

गौरी गेल्यावर ओढा उतरला. आम्ही तिघं एकाच गाडीनं खाली आलो, सासरा, वैनी, मी. ती खिडकीशी बसली होती, पायाशी एक पत्र्याची पेटी. मला मोकळं वाटायला हवं होतं. दोन महिने मी याच गाडीची वाट बघत होते.

कराडच्या स्टँडवर सासरा विट्याच्या गाडीत जागा धरायला गेला. माझी सांगलीची गाडी लागलेली होती. मी काहीतरी मोठं बोलायला लागले, संघटनेमार्फत पत्र घालीन, तुझ्या नवऱ्याच्या पलटणीला कळवीन. तिनं मला मध्येच थांबवलं.

"दुसरी भांगलण ऱ्हायलीया. रांगंत माझी जागा रिकामी पडंल, तर बाजूच्या दोघींवर बोजा यील. आक्का बोलायची न्हाई, पण मनात धरंल."

"मग मी काय करू?"

"मी काय सांगू? तुमी शिकलेल्या."

सासऱ्यानं गाडीच्या दारातून हाक मारली. ती पेटी उचलून गेली. मी पेटीला हात लावायला गेले तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आता सवय करायची.

संघटनेच्या बैठकीला मी पोहोचले नाही. दुपारच्या गाडीनं परत फाट्यावर उतरले आणि ओढा गुडघाभर पाण्यातून ओलांडला. आक्कानं का आलात असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला रांगेत उभं केलं, दोन बायकांच्या मधे, आणि हातात खुरपं दिलं. भांगलण म्हणजे उकिडवं बसून पुढं सरकायचं, गवत उपटायचं, मागं टाकायचं. तासाभरात सगळ्या पुढं गेल्या आणि मी एकटी मागं. उजव्या बाजूची, बौद्ध वस्तीतली, वळून परत आली आणि माझ्या मागचा ढीग चाचपू लागली.

"आवं ताई, ही नाचणी हाय. गवत ते ऱ्हायलं की तिथंच."

मी बघितलं. मला दोन्ही सारखंच दिसत होतं. तिनं एक काडी माझ्या बोटात धरून दिली आणि बुडाशी दाबायला लावली, चपटं लागलं तर ती नाचणी म्हणाली. मग मी उपटलेली रोपं आम्ही दोघींनी परत मातीत खोचली. त्यांतली बरीच दुपारच्या आतच माना टाकून बसली.