जेवल्यावरची गोळी

माझी बायको रुपाली आमच्या गावची आशाताई. धसईपासून आत आमचं गाव आणि वरचे दोन पाडे, सगळं तिच्या गळ्यात. हल्ली सरकारचं म्हणणं असं, की आजार झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो आधीच अडवायचा. म्हणणं चांगलंच आहे, नाही कोण म्हणतो! उपकेंद्राला नवा रंग लागला, पाटी बदलली, भिंतीवर योगासनं करणारी बाई काढली. अडवायचं मात्र रुपालीने. तिशीपुढच्या प्रत्येकाचं नाव फोनमध्ये भरायचं, कंबरेचा घेर मोजायचा, बीपी-शुगर तपासायला माणूस उपकेंद्रात आणायचा. रेंज गेली की तीच माहिती पुन्हा भरायची. मी तिला गाडीवरून सोडतो आणि वाटभर कुरकुरतो. ती मागे बसून फोनमध्ये नावं भरत असते.

होळीच्या सुमाराला ज्यांना बीपी निघालं त्यांत पहिलं नाव माझ्या आईचं, गिरजाचं. आता सासू सुनेचं ऐकते होय? "मला काय धाड भरलीय? गवताचे भारे आणते मी," म्हणून तिने गोळ्या बाजूला सारल्या. रुपालीही हट्टाची. रोज आईच्या ताटाशी बसायची. "जेवल्याबिगर घ्यायची नाय हां आई," असं बजावून गोळी हातावर ठेवायची. वेळ लक्षात राहावी म्हणून घरोघर ती हेच सांगायची. शेवटी आईच कंटाळली आणि आपणहून घ्यायला लागली. श्रावणी सोमवारीसुद्धा, संध्याकाळी भात खाऊन उपास सोडला की गोळी. बीपी ताब्यात आलं. मला वाटलं, जिंकली आमची बाई.

मग नवरात्र आलं. आई नऊ दिवस धरते. चहा, केळं, मूठभर भगर. आमच्याकडे पानात भात पडल्याशिवाय त्याला जेवण म्हणत नाहीत. रुपाली त्या आठवड्यात सर्व्हेच्या मुदतीपायी पाड्यांवर फिरत होती. घरात काय चाललंय ते बघायला तिला फुरसत कुठली!

आठव्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी बसल्याबसल्या कलंडली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मुरबाडहून तिला पुढे कल्याणला नेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मध्ये गोळ्या बंद केल्या होत्या का?

"नाय साहेब," रुपाली म्हणाली, "मी सोता आशा आहे. एक दिवस चुकलेली नाय."

पंधरवड्याने आईला घरी आणली. तिची गोधडी झटकताना उशीखालून गोळ्यांचं पाकीट पडलं. नवरात्रातल्या सगळ्या गोळ्या तशाच. रुपालीने ते आईपुढे धरलं.

"उपास होता ना गो," आई जड जिभेने म्हणाली. "तूच सांगितलेलं. जेवल्याबिगर नाय."

रागाने नाही बोलली. ऐकलं ना मी तुझं, अशा चेहऱ्याने बघत होती. मला ढसाढसा रडू आलं. कोणावर चिडावं तेही कळेना.

रुपाली रडली नाही. आईच्या अंगावर गोधडी सारखी केली आणि पिशवी उचलली.

"गाडी काढा," ती म्हणाली.

"आज तरी बस की जरा," मी ओरडलो.

"परवा एकादशी आहे. मी साऱ्या गावाला हेच सांगून ठेवलंय."