आरोपी जेवला का?

मी कळमनुरीच्या कोर्टातून गणपतराव पाटलांकडे गेलो की ते खटल्याचा निकाल कधी विचारत नसत. आधी म्हणत, "वकीलसाहेब, आरोपी जेवला का?" मी वकिलीत नवा. मला या प्रश्नाचं मोठं कोडं पडे.

त्यांचं गाव पैनगंगेच्या काठी. अलीकडे निजामाची रियासत, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. चोरी करून नदी ओलांडली की चोर दुसऱ्या सरकारचा. कागद हैदराबाद-नागपूर हिंडत राहत, तोवर चोर तिसऱ्याच मुलखात. म्हणून गणपतराव आणि पलीकडचे किसनराव पाटील यांनी आपसात ठरवलं होतं: पळून आलेला माणूस नदीत उभं राहून परत द्यायचा. घेणाऱ्याने त्याला आधी घरी जेवू घालायचं, मगच चौकीवर न्यायचं.

"पण जेवण कशाला?" शेवटी मी विचारलंच.

"आपल्या घरची भाकर खाल्लेल्याला चौकीत मारून राहिले, तर पाटलाला घरी बसवत न्हाई. संग जावंच लागते."

मग त्यांच्याच धाकट्या पोरावर, नामदेववर, पलीकडून बैल चोरून आणल्याचा आळ आला. आईने त्याला शिरड शहापूरला मामाकडे धाडायची तयारी केली होती. गणपतराव तिला म्हणाले, "लोकायची पोरं देल्ली, आता आपलं झाकू?"

गुडघाभर पाण्यात त्यांनी नामदेवचा हात किसनरावांच्या हातात दिला. समोरच्या काठावर नवा फौजदार घोड्यावर बसून होता. हा माणूस जेवणाबिवणाला थांबेल असं मला मुळीच वाटेना. गणपतराव उन्हात दगडावर बसले ते उठेनात. मीही त्यांच्या शेजारी बसलो.

उन्हं कलल्यावर किसनरावांचा गडी पाणी तुडवत आला. पोराने चोरी कबूल केली का, हे पाटलांनी विचारलं नाही.

"जेवला का?"

"व्हय. फौजदार लई घाई करून राहिला व्हता. आमचे पाटील दारात आडवे बसले. आता चौकीतबी संगच हायेत."

गणपतराव पाण्याशी गेले, तोंड धुऊ लागले, आणि बराच वेळ धूतच राहिले.

चोरी नामदेवनेच केली होती. शिक्षा भोगून तो धडधाकट घरी आला. गणपतराव गेले, पाठोपाठ रियासतही गेली आणि पैनगंगा नुसती नदी उरली. आता कोठडीत अशील भेटला की मी गुन्ह्याचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "जेवलास का?" आणि तो नाही म्हणाला, तर तिथून हलत नाही.