भिंतीपलीकडचा रेडिओ

१४ मार्च, मंगळवार. पाणी उशिरा आले. चष्म्याची दांडी पुन्हा सैल झाली, दोऱ्याने बांधली. शेजारच्या मुलीची आज प्रवेशपरीक्षा. सकाळभर भिंतीपलीकडे शांतता.

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडही आहे. गेली सहा वर्षे भूगोल, बीजगणित, पचनसंस्था, सगळे मला घरबसल्या ऐकू येते. मुलगी सोळा वर्षांची. चौथीत असताना शाळेत तिला ताप चढला, ती शेवटच्या बाकावर डोके टेकून बसून राहिली आणि शाळा सुटेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. आईने लगेच तिचे नाव काढले. तेव्हापासून शाळा घरीच.

आई कपडे शिवते. शिलाईयंत्र आतल्या खोलीत, मुलीचे टेबल बाहेरच्या. यंत्रापाशी बसून मुलगी दिसत नाही, म्हणून अभ्यास मोठ्याने करायचा. आवाज येतोय म्हणजे अभ्यास चालू आहे. यंत्र पळू लागले की मुलीचा आवाजही चढतो. सकाळी भाषा, मग गणित; जेवणानंतर काजे-बटणे करता करता सूत्रांची उजळणी; संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या, आई कठड्याशी उभी. बाहेर पडायचे ते कापड आणायला, तेही आईबरोबर. आमचे हे होते तोवर सकाळचा चहा ओतताना म्हणायचे, "लागला रेडिओ." तेच नाव पडले. मुलीला ते ठाऊक आहे.

तिला यंत्रदुरुस्ती शिकायची आहे, वर्गात बसून, इतर मुलांबरोबर. आईचे शिलाईयंत्र अडले की तीच उघडते. फार मनधरणी केल्यावर आई म्हणाली, "परीक्षा पास झालीस तर जा."

त्या मंगळवारी दुपारी दोघी किल्ली न्यायला माझ्याकडे आल्या.

"कसा गेला पेपर?" मी विचारले.

"ती बघा कशी बसलीये," आई म्हणाली. "वाटेत एक अक्षर बोलली नाही."

"आज सकाळी बोलले तेवढं पुरे झालं," मुलगी म्हणाली. "आजी, मी पहिला प्रश्न मोठ्याने वाचला."

सगळ्या हॉलने माना वळवल्या. पर्यवेक्षक बाई ओठांवर बोट ठेवून आल्या. तिने ओठ मिटले, पण मग प्रश्न नुसता दिसत होता, समजत नव्हता. समजायला लागला की आवाज बाहेर. शेवटी बाईंनी तिला उठवून मोडक्या बाकांच्या कोठीत एकटीला बसवले. तिथे ती भराभर सोडवू लागली, पण वेळ संपला.

"एकटी बसल्यावर आलं ना सगळं?" आई म्हणाली. "मी कधीची सांगतेय, हिला घरच बरं."

"आई, त्या कोठीचं दारसुद्धा बाहेरून ओढून घेतलं होतं."

निकाल लागला, ती नापास झाली. परीक्षा जूनमध्ये पुन्हा असते. "जूनचं जूनमध्ये बघू," एवढेच आई म्हणाली.

दोन दिवसांनी माझ्या उशीची शिवलेली खोळ द्यायला मुलगी आली आणि दारातच विचारू लागली, "आजी, मनात कसं वाचतात?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वाचनाच्या तासाला सिस्टर प्रत्येकीला ओठांत पेन्सिल धरायला लावत. पेन्सिल पडली की उभे राहायचे. पेन्सिल सापडली नाही म्हणून मी तिला चहाचा चमचा दिला आणि पुढ्यात वर्तमानपत्र ठेवले. चमचा पहिल्याच ओळीला पडला. पुन्हा पडला. मग बातमीच्या शेवटापर्यंत टिकला.

"डोक्यात माझाच आवाज येतोय," ती म्हणाली. "पण ओरडत नाहीये."

तेवढ्यात हाक आली आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या धड्यात रेडिओ मध्येच बंद पडला. पाठोपाठ यंत्र थांबले.

"झोपलीस का गं?"

"वाचतेय."

"मग ऐकू का येत नाही?"

"मनात वाचतेय."

"तुझ्या मनातलं मला कसं कळायचं?"

थोड्या वेळाने माझी बेल वाजली. आई दारात उभी, गळ्यात मापाची टेप तशीच.

"काकू, हे तुम्ही शिकवलंत?"

"हो. जूनमध्ये लागेल तिला."

ती भांडायला आली असेल असे मला वाटले होते. ती चौकटीला टेकली. "तिचा आवाज थांबला की माझे हात चालत नाहीत हो. त्या दिवशी शाळेतही ती अशीच गप्प बसली होती."

मी पाणी आणले. ती ते उभ्यानेच प्यायली आणि गेली.

मग रेडिओ पुन्हा लागला, खणखणीत. मी भाजी निवडत ऐकत होते. लांब शिवण आली, यंत्र भरधाव सुटले. आवाज चढायला हवा होता, तो नाहीसाच झाला. यंत्र मंदावले तसा पुन्हा आला, पण पान पुढचे होते. पुढच्या लांब शिवणीला पुन्हा तेच.

२४ मार्च, शुक्रवार. खोळ नीट बसली. वाटाणे निवडून ठेवले. चहाचा एक चमचा शेजारच्या घरी आहे.